मीटरचं सॉकेट आत्ता, पॅनल नंतर

अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनियापोलिसजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न: विजेच्या मीटरच्या डब्यातून जमिनीत जाणारा तारांचा पाइप खाली ओढला गेलाय, डब्याचा तळ वाकलाय, ड्रायर लावला की दिवे मंद होतात. सॉकेट (मीटर ज्यात बसतो तो डबा) आणि पाइपच्या दुरुस्तीला २,४०० डॉलर. १०० ऐवजी २०० अँपिअरची सगळी सर्व्हिस, म्हणजे सॉकेटपासून घरातल्या ब्रेकरच्या पॅनलपर्यंतची जोडणी, नवी करायला ६,८००. आणीबाणीसाठी ठेवलेले ११,००० आहेत. एप्रिलपर्यंत थांबावं, की भारतातली आठ महिन्यांपूर्वी केलेली एनआरई एफडी (परदेशातल्या कमाईची मुदत ठेव) मोडून सगळंच उरकावं?

थांबू नका. दिवे मंद होताहेत, तर आजच वीज कंपनीच्या तातडीच्या नंबरावर फोन करा. मेन ब्रेकर मीटरनंतर, घराच्या बाजूला असतो. त्यामुळे सॉकेटातला जोड तापून जळू लागला, तरी ब्रेकर पडत नाही. डबा स्वतः उघडू नका, आतल्या तारा जिवंतच असतात. आपल्याकडे मीटरचं काही झालं की महावितरणकडे बोट दाखवायची सवय असते. तिथे मीटर कंपनीचा, पण सॉकेट बहुतेक ठिकाणी घरमालकाचं. विम्यावरही भिस्त ठेवू नका: झीज आणि जमिनीची हालचाल सहसा वगळलेली असते.

मिनेसोटाच्या दक्षिण भागात पायासुद्धा ४२ इंच खोल घ्यावा लागतो, इतकी माती गोठते. ती फुगते, वितळली की खचते, आणि पाइपला ओढते. म्हणून नव्या पाइपला सरकता जोड हवाच. कोटेशनमध्ये तो लिहिलेला नसेल, तर लिहून घ्या. नाहीतर काही हिवाळ्यांनी हेच २,४०० पुन्हा जातील.

पैसे आणीबाणीच्या निधीतूनच काढा, तो याचसाठी आहे. ८,६०० उरतील, आणि गेलेले २,४०० पुढच्या महिन्यांत भरून काढता येतील. एफडीला मात्र हात लावू नका: एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज एक पैसाही मिळत नाही. वर्ष भरायला चारच महिने राहिलेत.

सगळी सर्व्हिस आत्ता बदलायची गरज मला दिसत नाही. जास्त वीज लागणारा इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर किंवा हीट पंप (विजेवर घर गरम-थंड करणारं यंत्र) ठरलाय, असं तुम्ही लिहिलेलं नाही. पॅनलवर मिळणारी अमेरिकेची केंद्रीय करसवलतही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, त्यामुळे घाईचं तेही कारण उरलं नाही. एक मात्र करा: सॉकेट २०० अँपिअर क्षमतेचं बसवलं तर किती जास्त पडेल, ते इलेक्ट्रिशियनला विचारा. परमिट, वीज तोडणं-जोडणं आणि मजुरी यांचा खर्च आत्ता होतोच आहे. फरक दोन-तीनशेच्या आत असेल, तर मी तेच घेईन.