कोलायटिस शांत आहे, मग मेसालामाईन एकाआड एक दिवस घेतलं तर चालेल का?

तुमच्या भावाला (वय २७) डाव्या बाजूचा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन शौचातून रक्त जाण्याचा जुनाट आजार), रक्त थांबलंय, आणि पैसे वाचवायला तो मेसालामाईनच्या, म्हणजे ही सूज आवरणाऱ्या गोळ्या एकाआड एक दिवस घ्यायच्या म्हणतोय. शिवाय डॉक्टरांच्या तोंडी 'बायोलॉजिक' (साध्या औषधांनी भागलं नाही तर देतात ती महागडी इंजेक्शनं) हा शब्द आल्यापासून घरी धसका बसलाय.

एकाआड एक दिवस अजिबात नको. रक्त थांबलं तरी आतली सूज बरेच दिवस धुमसत असते. मेसालामाईन आतड्याच्या अस्तराला थेट लागून काम करतं, त्यामुळे ते रोज तिथे पोचलं पाहिजे. गोळ्या चुकवणाऱ्यांचा आजार पुन्हा उसळण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि एका उसळीत तपासण्या, स्टिरॉइड, कधी दाखल होणं, असं सगळं धरलं की वाचवलेले पैसे व्याजासकट जातात.

आधी बघा, तो नेमके किती ग्रॅम घेतोय. उसळीत ४.८ ग्रॅमपर्यंत देतात, पण शांत झाल्यावर बहुतेकांना रोज २ ते २.४ ग्रॅम पुरतात. फॉलोअपला न गेल्यामुळे उसळीचाच डोस महिनोन्‌महिने चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. तसं असेल तर डोस कमी करायचं डॉक्टरांनाच विचारा. खर्च तिथेच निम्मा होईल, तोही रीतसर.

दुसरं, भाव पट्टीवर न बघता ग्रॅमवर काढा. समजा १.२ ग्रॅमच्या १० गोळ्या ३०० रुपयांना मिळतात, म्हणजे ग्रॅमला २५. ४०० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या ९० रुपयांना, म्हणजे ग्रॅमला साडेबावीस. रोज २.४ ग्रॅम धरले तर महिन्याला ७२ ग्रॅम लागतात, म्हणजे फरक १८० रुपयांचा. (आकडे हिशोबापुरते आहेत, तुमच्या मेडिकलवाल्याचे टाका.) जनऔषधी केंद्रात जाण्याआधी फोन करून स्टॉक विचारा. दिवसाचा पूर्ण डोस एकदम घेतला तरी चालतो, त्यामुळे 'दुपारची राहिली' हा प्रकार संपतो. मात्र गोळी फोडायची किंवा कुटायची नाही. वरचं आवरण गेलं की औषध वरच्यावरच विरघळतं. अख्खी गोळी वारंवार शौचात दिसत असेल तर ती कंपनी त्याला लागू पडत नाही, डॉक्टरांना सांगून बदला.

आता लोक जे लाजेपोटी टाळतात ते: मेसालामाईनचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध. डाव्या बाजूच्या आजारात गोळी आणि एनिमा मिळून नुसत्या गोळीपेक्षा चांगलं काम करतात. सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) फक्त गुदाशयापुरती, एनिमा डाव्या बाजूला वरपर्यंत जातो. रात्री शौचाला जाऊन आल्यावर बाटली चांगली हलवायची, डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा, हळूहळू दाबायचं आणि तसंच अर्धा तास पडून राहायचं. घाईत दाबलं की कळ येऊन सगळं बाहेर. औषधाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, खाली जुनी चादर घाला. शांत काळात काही डॉक्टर आठवड्यातून दोन-तीनदाच देतात, मग खर्चही आटोक्यात राहतो.

सल्फासालाझिन हे जुनं औषध बऱ्याचदा स्वस्त पडतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर नाही. सोबत फॉलिक ॲसिड लागतं, आणि पुरुषांत शुक्राणू कमी होतात (औषध थांबवल्यावर पूर्ववत होतात). भावाचं लग्न ठरत असेल तर हे आधीच बोला.

दर वेळी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं तपासणं) करायची गरज नसते. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी सूज आहे की नाही ते बऱ्यापैकी सांगते. मात्र आधी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतलं असेल तर आकडा फुगतो. तशाही या दोन गोळ्या त्याने टाळाव्यात, अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्यावी. क्रिएटिनिनची रक्ततपासणी वर्षातून एकदा तरी करा, मेसालामाईन क्वचित मूत्रपिंडाला त्रास देतं.

बायोलॉजिकचं म्हणाल तर ते लगेच लागेलच असं नाही. स्टिरॉइड सुटत नसेल तर अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध) असतं. ते स्वस्त आहे, पण सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवीच, कारण आपल्याकडच्या काहींच्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. याच आजारावरच्या टोफासिटिनिबच्या जेनेरिक गोळ्याही भारतात मिळतात. इन्फ्लिक्सिमॅब या शिरेतून द्यायच्या बायोलॉजिकपर्यंत वेळ आलीच तर हिशोब असा: किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला १०० मिलिग्रॅमच्या ३ बाटल्या. ०, २, ६ आठवड्यांना आणि मग दर ८ आठवड्यांनी, पहिल्या वर्षी ८ डोस, २४ बाटल्या. वजन ६२ असेल तर चौथी बाटली फोडण्याआधी डोस ३०० वर आणता येईल का ते विचारा. बायोसिमिलरचाच (मूळ बायोलॉजिकसारखं, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) भाव मागा. त्याआधी टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी केल्याशिवाय सुरू करू नका.

विम्यात आजार लपवू नका, क्लेम नेमका तिथेच अडकतो. आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळू लागेपर्यंतची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत ती बहुधा नसतेच. शिरेतून दिलेलं इंजेक्शन डे-केअरमध्ये बसू शकतं, घरी टोचायचं अडालिमुमॅब हे बायोलॉजिक अनेकदा ओपीडी म्हणून नाकारतात. पॉलिसीत मोनोक्लोनल अँटिबॉडीची (ही दोन्ही औषधं याच प्रकारातली) उपमर्यादा, म्हणजे त्यासाठी जास्तीत जास्त किती पैसे मिळतील, ते वाचून ठेवा. महात्मा फुले योजना दाखल रुग्णांच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्या तीत येत नाहीत. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्याच समाजसेवकांना भेटा, आणि हे दाखल होतानाच करा. बिल झाल्यावर सवलत मागणं फार अवघड जातं.