कोकणात सीफूड एक्सपोर्टची कंपनी काढावी का?

प्रश्न असा आहे की रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत प्लॉट मिळतोय, घरची थोडी जमीन विकून मासळी प्रोसेसिंग आणि एक्सपोर्ट सुरू करायचंय, तर भांडवल किती, परवाने कुठले आणि नफा किती टक्के सुटतो. सोबत "भारताची मासळी निर्यात ६० हजार कोटींची आहे" असंही लिहिलंय.

आधी त्या ६० हजार कोटींचं बघू, कारण हा आकडा ऐकून जमिनी विकायला निघालेले तुम्ही पहिले नाही. २०२३-२४ ला निर्यात ६०,५२३ कोटींची झाली हे बरोबर, पण त्यातली ४० हजार कोटींची नुसती फ्रोजन कोळंबी, आणि ती बहुतेक तलावात वाढवलेली व्हनामी जातीची, आंध्रची. मिरकरवाड्याला, म्हणजे रत्नागिरीच्या बंदरावर, बोटीतून जे उतरतं त्याचा त्या पैशाशी काही संबंध नाही. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हा त्या आंध्रवाल्यांच्या तोंडचंही पाणी पळालं होतं. आपल्याकडे माल म्हणजे म्हाकूळ, माकळी, बळा, बांगडा, तारली, आणि सुरिमीसाठी (मासळीचा धुऊन गोठवलेला लगदा) राणी मासा. सुरिमीत उतरायचं तुम्ही डोक्यात सुद्धा आणू नका. रत्नागिरीत सुरिमी म्हटलं की गद्र्यांचं (गद्रे मरीन कंपनी) नाव निघतं ते उगाच नाही, त्या धंद्याला पाणी, बर्फ, वीज आणि दमदार खिसा सगळंच लागतं.

आता माझं सांगतो. शिरगावच्या फिशरीज कॉलेजातून बाहेर पडलो आणि २००३ ला एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला, लागलो. नाव घेत नाही, रत्नागिरीतल्यांनी अंदाज बांधत बसू नये. लागलो तेव्हा दोन प्लेट फ्रीझर, दिवसाला १० टन माल निघायचा, शेठ स्वतः पहाटे बंदरावर उभे असायचे आणि मासा हातात घेऊन गलफडं उघडून बघायचे. १९९७ ला युरोपने भारताचा माल बंद केला होता तो मार त्यांनी खाल्लेला, त्यामुळे हॅसॅप (अन्न सुरक्षित ठेवायची तपासणी पद्धत) वगैरे त्यांना शिकवावं लागत नव्हतं, उलट तेच आम्हाला झापायचे. चार वर्षं छान गेली. मग कंपनी वाढायला लागली.

वाढायला लागली म्हणजे काय, तर ऑर्डर वाढल्या, बँकेने कर्ज दिलं, आयक्यूएफ टनेल (एकेक नग सुटा गोठवणारं मशीन) आला, शेठ एक्झिबिशनला ब्रुसेल्सला जायला लागले आणि बंदरावर त्यांच्याजागी त्यांचा मेव्हणा उभा राहायला लागला. सगळी कंपनी त्याला मामा म्हणायची. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं डोकं टनात चालायचं. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत माल गेला की त्याला रात्रभर झोप नाही. बोटवाल्यांना आगाऊ पैसे वाटून ठेवलेले, त्यामुळे बोट आली की तिचा माल आपणच घ्यायचा, कसाही असो. हा आगाऊ पैशाचा प्रकार तुम्हालाही करावा लागणार, त्याशिवाय बोटीचा तांडेल (प्रमुख) तुमच्याकडे बघणार नाही, पण एकदा पैसे दिले की नाही म्हणायची सोय जाते हेही समजून घ्या.

२००९ चा ऑक्टोबर, दसरा होऊन गेलेला. एका रात्रीत बोटींची रांग लागली आणि मामाने २२ टन म्हाकूळ घेतला. आमची सफाईची ताकद पूर्वीएवढीच, जेमतेम १० टन, कारण टनेल आला तरी शेडमधल्या मुली तेवढ्याच होत्या. मासा आणि बर्फ एकास एक लागतो, त्या रात्री बर्फ अर्धाही नव्हता. सकाळी रिसीव्हिंगला गेलो तर खालचे टब कोमट, पाणी काळं झालेलं. शेडची सुपरवायझर केरळची होती, आम्ही तिला चेची म्हणायचो, तिने एक म्हाकूळ उचलून दाखवला आणि म्हणाली, "सार, पेट फटा है." पोट फुटलं की आतली लिव्हर फुटते, आणि कॅडमियम (विषारी धातू) सगळं तिथे साठलेलं असतं. ते मग अंगाच्या मांसात उतरतं, नंतर कितीही धुवा. युरोपची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम, तीही पोट काढलेल्या मालाला. हे मामाला सांगितलं तर म्हणाला, "दिसतंय का कॅडमियम तुला? पांढरं आहे ना? मग टाक फ्रीझरला."

मी रजिस्टरमध्ये लॉटसमोर होल्ड, म्हणजे माल थांबवा, असं लिहिलं, सही केली आणि लॅबला सॅम्पल पाठवायची चिठ्ठी काढली. दुपारी घरी जाऊन झोपलो, कारण त्याआधी तीस तास जागा होतो. संध्याकाळी येऊन बघतो तर माल साफ करून ट्यूब (म्हाकळाचं नळीसारखं अंग) होऊन पॅक झालेला. शेठ परदेशात. सॅम्पल गेलं ते दुसऱ्याच चांगल्या लॉटचं, कुणी दिलं ते आजपर्यंत कुणी कबूल केलेलं नाही. ऑक्टोबर संपता संपता कंटेनर निघाला, मुंबई-गोवा हायवेने जेएनपीटीला, तेव्हाही खड्डे होते.

त्याच नोव्हेंबरात फयान वादळ आलं. ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको, बोटी गेल्या, माणसं गेली. पुढे बरेच दिवस बंदरावर धड मासा नव्हता, टनेल रिकामा, हप्ता चालू. आणि डिसेंबरात मेल आला, युरोपातल्या बंदरावर माल रिजेक्ट, कॅडमियम १.४. कंटेनर तिथे विजेच्या प्लगवर गार ठेवून उभा, त्याचं रोजचं भाडं, परत आणायचं भाडं, आणि त्यात युरोपच्या अलर्टमध्ये कंपनीचं नाव, म्हणजे पुढचा प्रत्येक कंटेनर आधी तपासून मगच सोडायचा, पैसे तोपर्यंत अडकलेले.

मीटिंग झाली. मी रजिस्टर घेऊन गेलो होतो, एकदम छाती फुगवून. पान उघडून शेठसमोर ठेवलं. शेठ बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "तू होल्ड लिहिलंस ना? मग थांबवलं का नाहीस?"

मामा शेजारीच बसलेला, चहा पीत.

ह्या वाक्याला इतकी वर्षं झाली, अजून अंघोळ करताना मी त्याचं उत्तर देतो. थांबवणार कसा? फ्रीझरची चावी माझ्याकडे नाही, ऑपरेटर माझं ऐकत नाही, त्याचा पगार मामाच्या सहीने निघतो. एक्सपोर्टच्या कंपनीत मान्यताप्राप्त टेक्नॉलॉजिस्ट असावाच लागतो, म्हणून माझं नाव कागदावर, भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट, आणि गाडी परत पाठवायचा अधिकार शून्य. म्हणून तुम्हाला भांडवलाच्या आधी हे सांगतो की कंपनीत क्यूसीची सही परचेसच्या वर ठेवा. नुसतं तोंडी नको, पगाराच्या कागदावर ठेवा. परचेसला घरातला माणूस अजिबात नको. मेव्हणा असेल तर त्याला अकाउंट्सला बसवा, नाहीतर गाड्या बघायला द्या. मासा बोटीवर आणि बंदरावर बिघडतो, कंपनीत आल्यावर तुम्ही तो फक्त आहे तसा गोठवता. आमच्याकडे टनेलला जे कर्ज काढलं त्याच्या चौथाईत स्वतःचा बर्फ कारखाना आणि दोन इन्सुलेटेड गाड्या झाल्या असत्या. हे मी २००७ लाच लेखी दिलं होतं, त्याची झेरॉक्स आहे अजून.

तर भांडवल. सुरुवातीला स्वतःचा प्लांट घालूच नका. एमपेडाकडे (समुद्री मालाच्या निर्यातीची केंद्राची संस्था) मर्चंट एक्सपोर्टर, म्हणजे स्वतःचा प्लांट नसलेला निर्यातदार, म्हणून नोंदणी होते, त्यावर मंजूर प्लांटमध्ये जॉब वर्कने माल गोठवून घ्या, बंदर आणि गिऱ्हाईक ओळखा, मग प्लॉटचं बघा. स्वतःचं घातलंत तर एक्सपोर्ट इन्स्पेक्शन एजन्सीची मंजुरी, एफएसएसएआय (अन्न परवाना), आयईसी (आयात-निर्यात कोड), प्रदूषण मंडळाची संमती, फॅक्टरी लायसन, हे सगळं लागतं, यादी कुठलाही सीए काढून देईल. ईटीपीकडे (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) दुर्लक्ष करू नका, मासळीच्या पाण्याच्या वासावरून गावकरी गेटवर येतात आणि ते बरोबरच असतात. मत्स्यसंपदा योजनेत ४० टक्के अनुदान आहे, महिला आणि एससी-एसटीला ६०, पण ते आलं तर आलं असं धरून हिशोब करा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नंतरही नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र फारसा धड नसतो, त्या दिवसांत अमोनियाचे कॉम्प्रेसर मात्र चालूच, कारण कोल्ड स्टोरेज उणे १८ च्या खाली ठेवायलाच लागतं. वर्षाचं वीजबिल काढताना हे महिने विसरणारे मी पाहिलेत.

नफ्याचा टक्का सांगणारा माणूस भेटला तर तो तुम्हाला मशीन विकतोय असं समजा. २० टक्के ग्लेझ (मासळीवरचा बर्फाचा थर) मारून पाणी मासळीच्या भावात विकणारे आहेत, त्यांचा नफा तुम्ही धरू नका.

मी २०१४ ला सोडलं, आता लॅबमध्ये आहे, त्यामुळे बंदरावरचे आजचे भाव मला विचारू नका. आणि लॅबमध्ये बसल्यावर एक कळलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मोठ्या साइजच्या म्हाकळात कधीकधी मुळातच कॅडमियम जास्त सापडतं, पोट शाबूत असलं तरी. तेव्हा तो लॉट वेळेत साफ झाला असता तर १ च्या आत बसलाच असता असं छातीठोक मी आज म्हणणार नाही. पण सॅम्पल बदललं गेलं नसतं तर निदान कळलं तरी असतं.

जॉब वर्कसाठी प्लांट बघायला जाल तेव्हा ऑफिसात चहा घेण्याआधी रिसीव्हिंगला उभ्या असलेल्या पोराला विचारा, शेवटची गाडी परत कधी पाठवलीस. त्याने आधी परचेसवाल्याच्या तोंडाकडे बघितलं तर चहा पिऊन निघा आणि दुसरा प्लांट बघा.