लाइट गार्डचे 2,800 रुपये आणि नो क्लेम बोनसचा हिशेब

आपण नागपूरच्या मनीषनगरहून बुटीबोरीच्या कारखान्यात रोज वर्धा रोडने ये-जा करता. गेल्या पावसाळ्यात गिट्टीच्या टिप्परमधून उडालेल्या दगडाने गाडीचा उजवा हेडलाइट तडकला, आत पाणी शिरले आणि पूर्ण लाइट बदलण्याचे 14,500 रुपये आपण क्लेम न करता खिशातून भरले. आता हेडलाइटवर बसणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या (मजबूत प्लास्टिकच्या) पारदर्शक गार्डची जोडी 2,800 रुपयांत आणून घरीच बसवावी, की दुकानदार म्हणतो त्याप्रमाणे जाळीचे गार्ड व पुढचा लोखंडी बंपर गार्ड असे 12,300 रुपयांचे पॅकेज क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घ्यावे, की विमा आहेच म्हणून काहीच करू नये, असा आपला प्रश्न आहे.

तिसऱ्या पर्यायापासून सुरुवात करतो, कारण खरा हिशेब तिथेच आहे. आपण कळविल्याप्रमाणे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, बोनसपूर्व हप्ता 9,000 रुपये आहे, सध्या 45 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल या हप्त्यात सूट, मिळतो आणि पुढच्या नूतनीकरणाला तो 50 टक्के होईल. हेडलाइटसाठी क्लेम केला, तर हा बोनस शून्यावर येतो आणि नंतर 20, 25, 35, 45 असा पायरी-पायरीने पुन्हा चढतो. हप्ता तेवढाच राहील असे धरले, तर पाच नूतनीकरणांत आपण अनुक्रमे 4,500, 2,700, 2,250, 1,350 आणि 450, म्हणजे एकूण 11,250 रुपये जास्त भराल. गाडीची विमा किंमत दरवर्षी घटते, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा थोडा कमी भरेल, पण चित्र बदलणार नाही.

आता क्लेममधून हाती काय पडते ते पाहू. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. संपूर्ण लाइट प्लास्टिकचा धरला तर 7,250 रुपये उरतात, आणि 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली 1,000 रुपयांची सक्तीची वजावट जाऊन 6,250 मिळतात. सव्वासहा हजार मिळविण्यासाठी सव्वाअकरा हजार गमावण्यात अर्थ नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारे जादा संरक्षण, असले तरी 13,500 मिळून निव्वळ फायदा जेमतेम सव्वादोन हजारांचा होतो. गेल्या वर्षी आपण क्लेम केला नाहीत, हे योग्यच झाले. थोडक्यात, एका लाइटपुरते बोलायचे तर आपली विमा कंपनी आपला खिसाच आहे.

म्हणून 2,800 रुपयांच्या गार्डचा विचार सार्थ ठरतो. 2,800 हे 14,500 च्या सुमारे 19 टक्के होतात. गार्ड प्रत्येक दगड अडवीलच असे नाही, तेव्हा मी सावधपणे 25 टक्के धरतो: गार्ड टिकेल तेवढ्या काळात लाइट फुटण्याची शक्यता चारात एक किंवा त्याहून अधिक असेल, तर खर्च वसूल. नागपूरच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिक पिवळे पडतेच, त्यामुळे आयुष्य तीन वर्षांपेक्षा जास्त धरू नये. पाच वर्षांत एकदा लाइट फुटला, एवढ्यावरून सरासरी काढणे धाडसाचे आहे हे मान्य. तरीही गिट्टीच्या टिप्परमागून रोज जाणाऱ्या गाडीसाठी चारात एक ही शक्यता मला जास्त वाटत नाही. हीच गाडी शहरातल्या शहरात धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स एवढीच फिरत असती, तर मी नको म्हटले असते.

पॅकेजला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. गाड्यांना परस्पर बसविलेल्या क्रॅश गार्डविरुद्ध, म्हणजे अशाच बंपर गार्डविरुद्ध, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कारवाई करावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळविले आहे. शिवाय लोखंडी गार्डमुळे धडकेचा जोर थेट चासीपर्यंत जातो आणि एअरबॅगच्या वेळेत गडबड होऊ शकते. जाळीने रात्रीचा उजेड कमी होतो, तो तोटा निराळाच. त्यात हप्ता चुकला, तर कार्डाचे व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर जाते.

घरी बसविण्याने मजुरीचे 600 रुपये वाचतील, पण ते बंपरला भोक न पाडता, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने किंवा क्लिपने बसणारे गार्ड असेल तरच. भोक पाडले की वॉरंटीचा वाद आपण स्वतःहून ओढवून घेतो. लाइटची प्लास्टिकची काच पेट्रोल किंवा थिनरने पुसू नये, त्याने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. साबणाचे पाणी व नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसे आहे. काम सकाळी सावलीत करावे आणि किमान एक दिवस गाडी धुऊ नये. गार्ड व लाइट यांत वाफ कोंडणार नाही एवढी फट ठेवावी, विशेषतः आपले दिवे हॅलोजनचे असतील तर. बसविण्यापूर्वी आणि नंतर रात्री भिंतीवर उजेड टाकून पाहावा. तो विस्कटलेला किंवा मंद दिसला, तर गार्ड परत करावे.

पॅकेजऐवजी साधे गार्ड घेतल्याने वाचलेल्या साडेनऊ हजारांतून दुसरी खरेदी करू नये, ते गाडीच्या किरकोळ दुरुस्तीसाठी वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत. गार्ड असूनही लाइट फुटला, तर पैसे तिथूनच द्यावेत. झिरो डेप बंद करू का, असेही आपण शेवटी विचारले आहे. ते सध्या चालू ठेवावे: बंपर, बॉनेट आणि दोन्ही लाइट एकाच अपघातात गेले, तर घसाऱ्याची रक्कम बोनसच्या तोट्यापेक्षा कितीतरी मोठी होते, आणि अशा वेळी क्लेम करायला कचरू नये.