पॅक्स रिव्हरच्या संग्रहालयात विमान शेपटीकडून बघायचं

तुमचा प्रश्न असा : वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाजवळचं उड्वार-हेझी विमान संग्रहालय दोनदा बघून झालंय, बारा वर्षांच्या मुलीला विमानांचं वेड आहे. तर मेरीलँडच्या पार दक्षिणेला, लेक्सिंग्टन पार्कपर्यंत गाडी काढून पॅटक्सन्ट रिव्हरचं (थोडक्यात पॅक्सचं) नौदल विमान संग्रहालय बघण्यात अर्थ आहे का, की तीच विमानं पुन्हा बघायची? आणि डिसेंबरात गोव्याला जाणार आहात, तर तिथल्या नौदल संग्रहालयाशी याचा काही धागा जुळतो का?

जरूर जा. धागाही जुळतो, आणि तो चांगला पक्का आहे. फक्त उड्वार-हेझीत जसं नाकापासून बघत जातो तसं इथे बघू नका. इथली विमानं गाजली म्हणून ठेवलेली नाहीत. नौदलाला विमान घेण्याआधी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं शोधण्याचं काम ज्या तळावर चालतं त्या तळाचं हे संग्रहालय आहे. आणि नौदलाचे प्रश्न बहुतेक दोन जागी दिसतात : शेपटीखालचा हूक आणि पुढचं चाक. मुलीला प्रत्येक विमानापाशी आधी या दोन जागा शोधायला सांगा.

इतिहास थोडक्यात. १९४३ च्या आधी नौदलाच्या विमानचाचण्या वॉशिंग्टनमधलं अ‍ॅनाकोस्टिया, नॉरफोक, डालग्रेन अशा ठिकाणी विखुरलेल्या होत्या. त्या एका जागी आणण्यासाठी चेसापीक उपसागर आणि पॅटक्सन्ट नदी जिथे मिळतात त्या सीडर पॉइंटवर १ एप्रिल १९४३ रोजी तळ सुरू झाला. वर मोकळं आकाश, जवळ पाणी, राजधानीही फार लांब नाही. १९४५ च्या जूनमध्ये नौदल विमानचाचणी केंद्र स्थापन झालं. नौदलाची चाचणी वैमानिकांची शाळाही इथेच. जॉन ग्लेन आणि अ‍ॅलन शेपर्ड यांनी अंतराळात जाण्याआधी इथे चाचणी उड्डाणं केली, आणि सुनीता विल्यम्स १९९३ मध्ये याच शाळेतून हेलिकॉप्टरच्या चाचणी वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. मुलीला हे आधी सांगून ठेवा.

आता हूक. विमानवाहू नौकेवर उतरताना विमान शेवटच्या क्षणी नाक उचलून अलगद टेकत नाही. साधारण साडेतीन अंशांच्या उतारावरून सरळ येतं आणि आदळतं. हूकने डेकवरचा पोलादी दोर पकडायचा. अमेरिकन नौकांवरची मार्क-७ मॉड-३ ही यंत्रणा सुमारे २२.७ टनांचं, ताशी २४० किलोमीटरने येणारं विमान साधारण १०५ मीटरमध्ये थांबवते. गणित मुलीकडून करून घ्या : २४० किमी म्हणजे सेकंदाला ६७ मीटर. ६७ गुणिले ६७, भागिले १०५ ची दुप्पट, म्हणजे सुमारे २१. सेकंदाला दर सेकंदी २१ मीटरने वेग उतरतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून थोडा जास्त जोर, तोही सरासरी. थांबायला तीन सेकंदांच्या आसपास लागतात. आणि दोर पकडला जाईलच याची खात्री नसल्यामुळे टेकता क्षणी वैमानिक इंजिन पूर्ण जोरात नेतो. दोर चुकला तर तसंच पुढे उडून जाता आलं पाहिजे.

हे समजलं की एक्स-३५सी समोर दहा मिनिटं थांबायला कारण मिळतं. जॉइंट स्ट्राइक फायटर, म्हणजे अमेरिकी दलांसाठी एकाच घराण्याचं नवं लढाऊ विमान निवडण्याच्या स्पर्धेतलं लॉकहीड मार्टिनचं हे नौदलासाठीचं नमुना विमान. १६ डिसेंबर २००० ला पहिल्यांदा उडालं, फेब्रुवारी २००१ मध्ये कॅलिफोर्नियाहून देश ओलांडून इथे आलं आणि इथल्या धावपट्टीवर नौकेवर उतरण्याचे २५० सराव केले. त्याचं भावंड एक्स-३५बी तुम्ही उड्वार-हेझीत पाहिलेलं आहे. दोघांचे फोटो शेजारी ठेवा. बी मध्ये वैमानिकाच्या मागे उभ्याने उतरण्यासाठी पंखा आहे, त्याचं झाकण दिसतं. सी मध्ये पंखा नाही, पण पंख मोठे आहेत : बी चे सुमारे ४२ चौरस मीटर, सी चे ५०. मोठे पंख कशासाठी? कमी वेगात तरंगून राहण्यासाठी. उतरण्याचा वेग जरा कमी झाला तरी दोरावरचा ताण बराच उतरतो, कारण गणितात वेगाचा वर्ग आहे. पुढे प्रत्यक्षात आलेल्या एफ-३५सी ला तर सुमारे ६२ चौरस मीटर पंख द्यावे लागले.

आणि चाचणीने काय सुटलं तेही इथेच सांगण्यासारखं आहे. ते २५० सराव म्हणजे टेकायचं आणि पुन्हा उडायचं, दोर पकडून थांबणं त्यात नव्हतं. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला एफ-३५सी चा हूक आठ प्रयत्नांत एकदाही दोर पकडू शकला नाही. कारण साधं होतं. मुख्य चाकं आणि हूक यांच्यातलं अंतर जेमतेम दोन मीटरच्या वर. चाकं दोरावरून गेली की दोर दबून डेकला चिकटतो आणि पुन्हा वर यायला त्याला क्षणभर लागतो. दुसऱ्या विमानांत हूक बराच मागे असल्यामुळे तेवढा वेळ मिळतो. इथे मिळाला नाही, हूक वरून घसरत गेला. उपाय म्हणून हूकचं टोक दोराखाली शिरेल असं बदललं आणि तो उसळू नये म्हणून दाबून धरणारा भाग सुधारला. ३ नोव्हेंबर २०१४ ला निमिट्झ नौकेवर ते विमान दोर पकडून उतरलं. मुलीला घेऊन एफ-१४, ए-६ आणि एफ/ए-१८ यांच्या बाजूने चाला आणि मागच्या चाकापासून हूकपर्यंत पावलं मोजा. रडारला सहज न दिसणाऱ्या स्टेल्थ विमानात हूक पोटात लपवावा लागतो, तिथून ही अडचण सुरू झाली, हे तिला आपोआप कळेल.

एक्स-३२बी हे स्पर्धेत हरलेलं बोईंगचं विमान. बेडकासारखं तोंड बघून लोक हसतात आणि पुढे जातात, तसं करू नका. इंजिनाचाच झोत खाली वळवून उभ्याने उतरायची त्याची रीत हॅरियर या जुन्या ब्रिटिश विमानाची होती. शेजारच्या रांगेत एव्ही-८बी हॅरियर असेल तर दोन्ही पोटं ताडून बघा. या रीतीत दोन दुखणी आहेत. तापलेला झोत जमिनीवर आपटून पुन्हा तोंडातून आत गेला की इंजिनाचा जोर पडतो. आणि सगळा जोर एकट्या इंजिनातून काढायचा म्हणजे किलोकिलोचा हिशेब. कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचावर, तिथली हवा विरळ. म्हणून उभ्याने उतरण्याच्या चाचण्या समुद्राकाठी पॅक्सला झाल्या, आणि तरीही इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाचं पुढचं आवरण आणि चाकांची झाकणं काढून विमान हलकं करावं लागलं. २६ ऑक्टोबर २००१ ला कंत्राट लॉकहीडला गेलं.

आता पुढचं चाक. एफ-४ फँटमच्या पुढच्या चाकावर ओढायची दांडी नाही. त्याला पोटाखालच्या आकड्यांत पोलादी दोराचा फास अडकवून कॅटापुल्टने, म्हणजे डेकवरून विमान फेकणाऱ्या यंत्राने ओढत. हा फास म्हणजे ब्रायडल. तो अडकवायला डेकवर जादा माणसं लागत, आणि उड्डाणानंतर तो झेलला नाही तर समुद्रात जाई. जुन्या नौकांच्या टोकाला पुढे आलेली शिंगं फोटोत दिसतात, ती हा फास झेलण्यासाठीच. १९ डिसेंबर १९६२ ला एंटरप्राइझ नौकेवरून ई-२ए हॉकआय आणि लगोलग ए-६ए ही विमानं पुढच्या चाकावरच्या दांडीने ओढली गेली. पुढे हळूहळू दांडीच रूढ झाली. संग्रहालयात हॉकआय आणि ए-६ दोन्ही आहेत. आधी फँटमखाली वाका, मग त्यांच्याखाली. फरक शब्दांत सांगावाही लागत नाही.

आरए-५सी व्हिजिलान्टीच्या शेवटाकडेही न्या. दोन इंजिनांच्या मधल्या लांब नळीतून बॉम्ब मागच्या बाजूने बाहेर टाकण्याची त्यात सोय होती. कॅटापुल्टचा धक्का बसला की कधी कधी नळीतल्या इंधनटाक्या तिथेच सुटून डेकवर राहत आणि विमान पुढे निघून जाई. कागदावर निर्दोष वाटणारी कल्पना नौकेवर अशी उघडी पडते.

एफ/ए-१८ हॉर्नेटपाशी कॉकपिटच्या मागे, पंखांच्या पुढे आलेल्या पट्ट्यावर एक लहान उभी पट्टी आहे का ते बघा. त्या पुढच्या भागावरून सुटणारे हवेचे भोवरे जोडशेपटांवर आदळून त्यांना तडे जात होते. १९८८ पासून भोवरे वळवण्यासाठी ही पट्टी बसवली गेली. विमान मोठं केलं नाही, शेपूट बदललं नाही, हातभर पत्रा लावला.

चाचणीच्या विमानांच्या खुणाही शिकवून ठेवा. नाकातून पुढे आलेली लांब दांडी म्हणजे विमानाने ढवळलेल्या हवेच्या पुढे जाऊन वेग मोजायचं साधन. पत्र्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे गोल म्हणजे जलद कॅमेऱ्यांसाठी मोजणीच्या खुणा : पंखाखालून सुटलेला बॉम्ब कसा वळतो ते चित्र-चित्र तपासता येतं. नावाच्या आधी ‘एन’ अक्षर असेल तर ते विमान चाचण्यांसाठी कायमचं बदललेलं, ‘जे’ असेल तर तात्पुरतं.

गोव्याचा धागा तर मैदानातच उभा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅक्सला जमिनीवर स्की-जंपची, म्हणजे टोकाला वर वळलेली चढण बांधून टी-२सी, एफ-१४ए आणि एफ/ए-१८ए तिच्यावरून उडवली गेली. अमेरिकेच्या मोठ्या नौकांना कॅटापुल्ट आहे, त्यांनी ते पुढे स्वीकारलं नाही. पण २०२० मध्ये याच तळावर सुपर हॉर्नेट पुन्हा स्की-जंपवरून उडवलं, ते भारतीय नौदलाला दाखवण्यासाठी, कारण विक्रमादित्य आणि विक्रांत या आपल्या नौकांना कॅटापुल्ट नाही. २०२२ मध्ये राफेल-एम आणि सुपर हॉर्नेट या दोघांनी गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरच्या किनारी चाचणी केंद्रात उड्डाणं केली, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार झाला. त्याच हंसाच्या चढणीवरून २० डिसेंबर २०१४ ला नौदलाच्या तेजसने स्की-जंपचं पहिलं उड्डाण केलं, आणि ११ जानेवारी २०२० ला विक्रमादित्यवर दोर पकडून उतरलं. दोन्ही वेळा वैमानिक कमोडोर जयदीप मावळणकर. हंसाचं चाचणी केंद्र बघायला मिळत नाही, तो चालू तळ आहे.

जायचं कसं : वॉल्डॉर्फवरून रूट ५ आणि मग २३५, किंवा रूट ४ ने सॉलोमन्सवरून थॉमस जॉन्सन पूल ओलांडून. दुसरा रस्ता देखणा, पण तळाची कामाची वेळ सुरू होताना आणि सुटताना पुलावर खोळंबा ठरलेला. शनिवारी निघा. जीपीएसमध्ये ‘नेव्हल एअर स्टेशन’ घालू नका, तो तुम्हाला तळाच्या फाटकावर नेईल आणि तिथून मागे वळावं लागेल. संग्रहालयाचंच नाव घाला. ते फाटकाच्या बाहेर आहे, पासची गरज नाही, भारतीय पासपोर्टवर आलेल्या आजी-आजोबांनाही अडचण नाही. वेळा, तिकीट आणि सिम्युलेटर कोणत्या दिवशी चालू असतात हे निघण्याआधी फोन करून विचारा. रंगकामासाठी एखादं विमान हलवलेलं असू शकतं, तेही तेव्हाच कळेल.

उन्हाळ्यात बाहेरची रांग आधी, इमारत नंतर. डांबर दुपारी भाजतं. एक लहान टॉर्च न्या, चाकांच्या खोबणी आणि हूकच्या खाचा भर उन्हातही अंधाऱ्याच असतात. पत्र्याला हात लावू देऊ नका. बाहेर ठेवलेल्या विमानाचा खरा शत्रू साचलेलं पाणी असतं : पानं आणि पक्ष्यांची घरटी निचऱ्याची भोकं बुजवतात, आणि पोलादी बोल्ट जिथे अ‍ॅल्युमिनियमला भिडतात तिथे पत्रा पापुद्र्यांनी सुटायला लागतो. रंगाखाली फुगवटे दिसले तर ते हेच.

गोव्यात बोगमाळोच्या नौदल संग्रहालयातही हाच खेळ खेळा. तिथे खारा वारा आणि कोकणचा पाऊस दोन्ही सोसून सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर उभी आहेत. पहिल्या दोघांना हूक आहे, कारण जुन्या विक्रांतवर ती कॅटापुल्टने सुटत आणि दोरावर उतरत. सी हॅरियरला तो सापडणार नाही. का नाही, हे एक्स-३२बी बघून आलेली मुलगी तुम्हालाच सांगेल.