परत गेलेल्यांना विचार

प्रिय मुली,

ई-शासनावरच्या, म्हणजे ऑनलाइन सरकारी सेवांवरच्या, तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. कीवर्डचे रंगीत नकाशे, कुठल्या देशातून किती शोधनिबंध निघाले त्याचे आलेख, आणि शेवटी तुझा प्रश्न: ‘सर, सध्या कशावर काम चालतंय? चॅटबॉट घेऊ की स्वीकृती मॉडेल?’ राग आला, खोटं कशाला बोलू. तुझ्या घरात विड्या वळल्या जातात, आणि विषय तू बाहेर शोधतेस!

प्रवाह माहीत हवेतच. 2001 मध्ये लेन आणि ली या अभ्यासकांनी ई-शासनाच्या चार पायऱ्या मांडल्या, मग कितीतरी जण कुठलं सरकार कितव्या पायरीवर आहे तेच मोजत बसले. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात ते सांगणारं डेव्हिसचं 1989 चं स्वीकृती मॉडेलही इकडे आलं: सेवा उपयोगी वाटते का, सोपी वाटते का, पुढे वापराल का. अगं, हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. तिथं ‘वापराल का’ हा काय प्रश्न झाला?

जिथं लोक ऑनलाइन सरकारी कामं करून घेतात, त्या सेवा केंद्रावर जाऊन बस. जन्मभर विड्या वळलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ती अंगठा काचेवर ठेवते, यंत्र घेत नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवते, मग दुसरं बोट. 2021 पासून हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय झाली, पण त्याला बरा मोबाइल लागतो. ओटीपी जातो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा असतो पुण्याला. पोर्टलवर यातलं काही दिसत नाही; तिथं दिसतं ते केंद्रचालकाचं लॉगिन.

महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा 2015 चा. सेवा द्यायची मुदत धरायची ती पूर्ण भरलेला अर्ज स्वीकारल्यापासून. ‘रेशनकार्डावर नाव वेगळं आहे, दुरुस्त करून आणा’ असं ऐकून जो खिडकीवरूनच परत गेला, तो निकाली अर्जांत नाही आणि प्रलंबितांतही नाही. म्हणून सांगतो, परत गेलेल्यांना विचार. तुझी प्रश्नावली ज्यांचं काम झालं त्यांच्याच हातात पडणार असेल, तर ती भरून घेऊच नकोस.

लोक मला म्हणायचे, ही समाजसेवा झाली, संशोधन नव्हे. मोठ्या नियतकालिकांत माझं नाव फारसं नाही ते यामुळेच. मी तरीही सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विडी कामगारांच्या वस्तीतल्या माणसांशी बोलत राहिलो, आणि आजही तेच करीन. 2018 मध्ये हर्ड आणि मॉयनिहान या अभ्यासकांनी ‘प्रशासकीय ओझं’ सविस्तर मांडलं: माहिती काढण्याचा, कागद जमवण्याचा आणि मनस्तापाचा खर्च. हे तिन्ही खर्च आपल्या बायका कधीपासून सांगत होत्या. त्यांचं म्हणणं छापायला कुणी जागा दिली नाही, ही खंत मला अजून आहे.

चॅटबॉट घ्यायचाच तर घे. पण त्याच्याकडूनही कोण परत गेलं, ते आधी शोध.

नमुन्याची काळजी करू नकोस. केंद्राच्या दाराशी उभी राहा आणि काम न होता बाहेर पडणाऱ्याला थांबव. कशासाठी आला, कुठला कागद कमी पडला, किती मजुरी बुडाली, एवढं वहीत लिही. तेलुगू येणारी मैत्रीण बरोबर ने, नाहीतर निम्मं बोलणं तुला कळणार नाही. पहिल्या नोंदी झाल्या की वही तशीच घेऊन ये, टाइप करत बसू नकोस.

तुझा,
सर