वहीतली पाठमोरी आई

माई, नमस्कार.

मी सोलापूरला एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मुलगी पुण्यात आर्ट कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "आई, माळ्यावर माझी लॉकडाऊनमधली वही आहे, ती कुरियर कर. वर्गाच्या प्रदर्शनात मांडायचीय." वही काढली आणि मी ती उघडली. तेव्हा ती आठवीत होती. आजी, बाबा, समोरच्या गॅलरीतली मांजर, सगळ्यांची चित्रं आहेत आणि सगळ्यांना चेहरे आहेत. मीच तेवढी पाठमोरी. १४ चित्रं मोजली मी. अंबाडा, मानेवर मास्कच्या दोऱ्यांची गाठ, हातात बादली, पण तोंड कुठेच नाही. काही चित्रांच्या कोपऱ्यात ९.२०, ९.०५, १०.४० असे आकडे आहेत, ते कसले ते कळलं नाही. सगळं निळ्या पेनानं काढलंय, रंग नाहीतच. पहिल्या पानावर थाळ्या वाजवणारी माणसं आहेत आणि त्यांच्यावर इतकं खरडलंय की कागद फाटलाय.

तेव्हा ड्यूटीवरून आले की मी बाहेरच्या खोलीत राहायचे. कितीतरी महिने पोरीला जवळ घेतलं नाही. अपार्टमेंटमधल्या लोकांनी मला लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं होतं, तेही घरी कधी बोलले नाही. मॉनिटरचा आवाज मला अजून झोपेत येतो. माझ्या मुलीला आईचा चेहराच आठवत नव्हता का हो? वही पाठवू का? उघडली हे सांगू का? हे म्हणतात, झालं गेलं, कशाला उगाळायचं, टाक रद्दीत.

– एक सिस्टर, सोलापूर

ताई,

आधी थोडं रागावून घेते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. तिनं वही पाठवायला सांगितली होती, वाचायला नाही. पहिलं पान कुणीही उघडलं असतं, मीही. पण चित्रं मोजून १४ भरली म्हणजे पानं दोन-तीनदा तरी उलटली गेली. ते आजच फोनवर सांगून टाका. झटकताना वही आपोआप उघडली वगैरे काही रचू नका. या वयाच्या मुलींना आईची थाप हॅलो म्हणतानाच कळते.

आता चेहऱ्याचं. मी ३० वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. २०२० साली शाळा बंद झाली तेव्हा मुलांना सांगितलं, चित्रं काढा आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. फोटो यायचे तिरके, कोपऱ्यात अंगठा, कुठे वहीवर चहाच्या कपाचा गोल. आणि चित्रं? पृथ्वीला मास्क, काटेरी हिरवा चेंडू, त्याला लाथ मारणारे डॉक्टर आणि पोलीस, खाली ‘घरी रहा, सुरक्षित रहा’. शंभरातली नव्वद अशीच. मुलांचा दोष नाही, स्पर्धाच तशा होत्या, विषयच ‘कोरोना योद्धा’. इटलीतली मुलं त्याच दिवसांत खिडक्यांवर इंद्रधनुष्यं चिकटवत होती, ‘सगळं ठीक होईल’ असं लिहून. तीही गोडच होती. पण ही सगळी बाहेरच्यांना दाखवायची चित्रं. आत काय चाललंय ते गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरत होतं, आणि त्याचा फोटो मला कुणी पाठवत नव्हतं. शाळा उघडल्यावर वह्या हातात आल्या तेव्हा काही पानं दिसली. एका मुलानं नुसता पंखा काढला होता. ओळीनं सात पानं, छताचा पंखा, खाली पडून वर बघितल्यावर दिसतो तसा. मी त्याला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

तुमच्या मुलीची वही त्या जातीची आहे. आणि तिनं तुम्हाला पाठमोरं काढलं कारण तुम्ही तिला पाठमोऱ्याच दिसत होता. आठवून बघा. दार उघडायचं, चपला बाहेर, कुणाकडे न बघता सरळ बाथरूम, कपडे बादलीत, डेटॉल. आतल्या दाराच्या फटीतून पोरीला काय दिसणार? अंबाडा, पाठ आणि गाठ. तोंडावर तर मास्कच होता. आजी दिवसभर समोर बसलेली, तिचा चेहरा काढायला काय लागतं? मांजरही उन्हात तासभर हलत नाही. तुम्ही मात्र दारापासून मोरीपर्यंत जेमतेम दहा पावलं दिसायच्या, आणि तेवढ्यात तिनं दोऱ्यांची गाठ पाहिली. ती गाठ आठवून काढता येत नाही, मी सांगते. वर्गात रोज समोर बसणाऱ्या मैत्रिणीची वेणी मुलांना धड काढता येत नाही.

त्या आकड्यांबद्दल मी पैज लावणार नाही. पण तुमची सेकंड शिफ्ट दुपारी २ ते रात्री ८ असणार. पीपीई किट उतरवणं, अंघोळ, मग रिकाम्या रस्त्यानं घर. ९.०५, ९.२० याच वेळा होतात. माझा आपला अंदाज, पोरगी घड्याळ बघत होती. खरं असेल तर १०.४० च्या रात्री वॉर्डात काय झालं होतं ते तुम्हालाच माहीत, आणि इकडे दीड तास ती दारापाशी काय करत होती ते तिलाच.

निळ्या पेनाचा अर्थ मात्र लावत बसू नका. काळा म्हणजे निराशा, लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी असं सांगणारे लोक भेटतील. माझा त्यावर विश्वास नाही. २५ मार्चपासून किराणा आणि औषधं सोडून दुकानं बंद होती. खडू संपले की संपले. घराघरात शेवटी निळं बॉलपेनच उरलं होतं. त्यात तिची एलिमेंटरीही गेली असेल. त्या वर्षी चित्रकलेच्या शासकीय परीक्षा झाल्याच नाहीत. ना परीक्षा, ना स्पर्धा, ना मार्क, तरी आठवीतली मुलगी काढत राहिली. मला तर तुमच्या जागी तिचा अभिमान वाटला असता.

फाटलेल्या पानाचं वेगळं आहे. तिथे राग आहे, आणि तो तुमच्यावर नाही. २२ मार्चला पाच वाजता सगळ्यांबरोबर तिनंही ताटली वाजवली असेल. आई नर्स, पोरगी जरा जास्तच जोरात वाजवणार. मग लिफ्टचं प्रकरण झालं. तुम्ही म्हणता घरी कधी बोलले नाही. अहो, लिफ्ट चालू असताना आई रोज जिन्यानं येते हे तेरा वर्षांच्या मुलीला कळत नाही होय? दारामागे ती पावलंच तर ऐकत होती. चित्र त्या दिवशीचं आणि खरडणं नंतरचं, असं मला वाटतं. त्या लोकांसमोर तुम्ही गप्प राहिलात. नोकरी, म्हातारी सासू, भाड्याचं की मालकीचं, शंभर कारणं असतात, मी बोट दाखवत नाही. पण घरातलं कुणीतरी त्यांच्यावर चिडलं होतं, एवढं कळलं तर तुम्हाला बरं वाटेल.

मग ती तेव्हा बोलली का नाही? युनिसेफनं २०२१ साली २१ देशांतल्या १५ ते २४ वयाच्या मुलांना विचारलं होतं, मनाचा त्रास असेल तर कुणाची तरी मदत घ्यावी का? २१ देशांची सरासरी धरली तर ८३ टक्के हो म्हणाले. आपल्याकडे फक्त ४१. आपल्या घरांतून मुलं हेच शिकतात, आई दमून येते, तिला अजून त्रास नको. तुमची तर तेव्हा तेराचीच होती. तिच्या हातात पेन होतं, ते तिनं वापरलं.

तुमच्या यजमानांना सांगा, आजारपणाची आणि एकटेपणाची चित्रं लोक रद्दीत टाकत नाहीत. १९१९ साली, स्पॅनिश फ्लूच्या साथीत, एडवर्ड मुंक या नॉर्वेच्या चित्रकारानं स्वतःलाच काढलं. वेताच्या खुर्चीत, पायावर घोंगडी, तोंड अर्धवट उघडं, चेहऱ्यावर रया नाही. ते चित्र आज ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोलापूरची वही पुण्यात एका टेबलावर चार दिवस उघडी राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. ‘लोक काय म्हणतील’ म्हणण्याचा हक्क त्या लिफ्टवाल्यांना तर मुळीच नाही.

पण पाठवण्याआधी तिच्याशी एकदा बोला. ‘माझा चेहरा का नाही काढलास’ असं विचारू नका. तसं विचारलं की ती सॉरी म्हणेल आणि विषय संपेल. मांजरीपासून सुरू करा. आकड्यांचं विचारा. १०.४० चं पान आलं की त्या रात्रीचं तुमचं सांगा. सगळं नको, सांगवेल तेवढं. पाच-सहा वर्षांत तुम्ही तिला वॉर्डातलं काहीच सांगितलं नसेल अशी मला शंका आहे. तिनं तिच्या बाजूनं वहीभर लिहून ठेवलंय, तुमच्या बाजूचं एक पानही नाही.

ही चित्रं लोकांनी बघायला तुमची हरकत असेल तर तेही तिला सरळ सांगा. त्यात तुमची पाठ आहे, तुमचं घर आहे, बोलायचा तुम्हाला हक्क आहे. निर्णय मात्र तिच्यावर सोडा.

आणि झोपेतल्या मॉनिटरचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत. मला त्या वाक्याचीच जास्त काळजी वाटते. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. इतके पेशंट सांभाळलेत, आता एक फोन स्वतःसाठी करा. मुलगीही नीट जेवत-झोपत नाही, कुणात मिसळत नाही असं दिसलं तर तिलाही हाच नंबर द्या.

राहिलं कुरियर. ते नकोच. बॉलपेनची शाई सतत उजेडात राहिली की फिकी पडते, म्हणून तिला म्हणावं आधी सगळी पानं स्कॅन करून घे आणि प्रदर्शनात शक्यतो प्रती लाव. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, पिवळी पडते. मध्ये कोरा कागद घाला, वहीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा, वरून प्लास्टिकची पिशवी. साप्ताहिक सुट्टीला जोडून एक रजा टाका. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूरहून सुटते, दुपारच्या जेवणाआधी तुम्ही हॉस्टेलच्या दारात असाल. शेंगाचटणी जरा जास्तच घ्या, हॉस्टेलवर ती एकटीला खायला मिळत नाही. आणि तिकीट काढलं की तिला गाडीची वेळ कळवा.

– माई