लेकरू हाकेला ओ देत नाही

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा आहे. हाक मारली तर वळून बघत नाही, पण बिस्किटाचा पुडा वाजला की माजघरातून पळत येतो. काही पाहिजे असलं तर बोट दाखवत नाही, माझं मनगट धरून ओढत नेतो. ताटली गरगर फिरवत बसतो. लेक-सून ऊसतोडीला जातात, तेव्हा तो माझ्यापाशीच असतो. भावकी म्हणते, बाप पण उशिराच बोलला. कुणी म्हणतं, मेंदूचा फोटो काढा. मोबाइलनं झालं का हे?
— एक आजी, केज तालुका

उत्तर : आजी, फोटोचे पैसे तूर्त राहू द्या. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, एमआरआयत दिसत नाही, रक्तातही सापडत नाही. फिट येत असली तर गोष्ट निराळी. मोबाइलनंही ऑटिझम होत नाही. तो कमी करा, पण सुनेला बोल लावू नका.

बापाचं म्हणाल, तर नुसतं उशिरा बोलणारं पोर गप्प बसत नाही. बोट दाखवतं, मान हलवतं, चिमणी दिसली की आधी चिमणीकडं आणि मग तुमच्या तोंडाकडं बघतं. तुमचा नातू मनगट ओढतो, पण तोंडाकडं बघतो का? डॉक्टर नेमकं हेच विचारतील. निदान होतं ते लेकराशी खेळून, त्याला बघून आणि त्याला रोज सांभाळणाऱ्याला विचारून. म्हणून आत तुम्हीच पाहिजेत. आमच्याकडं बरेचदा बाप फाइल घेऊन आत येतो आणि सगळं माहीत असलेली आजी बाहेर बाकावर बसून राहते! सूनही हवी, दिवस भरले होते का, जन्मल्यावर लगेच रडला का, हे तीच सांगेल.

कान मात्र आधी तपासा. पुडा ऐकू येतो म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही. बेरा नावाची तपासणी असते, ती लेकरू झोपेत असताना करतात. तेव्हा एसटीत त्याला झोपू देऊ नका, नाहीतर तिथं टक्क जागा राहील आणि चक्कर वाया जाईल.

पुढं इसा नावाची मोजपट्टी लागेल, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं बनवलेली. ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७० किंवा वर गेली तर ऑटिझम धरतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे आणि प्रमाणपत्रासाठी हा आकडा कामी येतो. पण अडीच वर्षांच्या पोराच्या आकड्याची घाई मी करणार नाही. वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणं निदानाच्या कागदाआधीही सुरू करता येतं.

अंगणवाडीताईंना आजच सांगा. आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतं. पथकाची वाट बघत बसू नका, थेट जिल्हा रुग्णालयातही जाता येतं. येताना ताटली फिरवतानाचा आणि हाक मारल्यावरचा छोटा व्हिडिओ कुणाकडून काढून घ्या, कारण नव्या खोलीत लेकरं वेगळंच वागतात. आणि सून टोळीबरोबर निघायच्या आधी या.